भूत खोटे निघाले, तरीही ‘महल’

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या भयपटांविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘महल’ या १९४९ सालच्या चित्रपटाला अवघ्या दोन वाक्यांत निकालात काढलेले वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखकाचे म्हणणे असे, की शेवटी भूत खोटे निघते त्या अर्थी हा भयपटच नव्हे, आणि त्याची संथ चाल आजच्या प्रेक्षकाला सोसवत नसल्यामुळे तो आता एका गाण्यापुरताच उरला आहे. दुसऱ्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, त्याकडे पुढे वळतो. पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. भूत खोटे असल्याचे कळल्यानंतरही ज्याचे भय ओसरत नाही असा हा हिंदीतला फार दुर्मीळ चित्रपट आहे, आणि पंचाहत्तरहून अधिक वर्षे तो टिकून राहिला आहे तो याच कारणाने, असे माझे मत आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगणे भाग आहे. इतक्या जुन्या चित्रपटाचे रहस्य फोडल्याबद्दल कोणी रागावणार नाही अशी आशा आहे. यमुनेच्या काठी ‘संगम भवन’ नावाची एक ओसाड वास्तू आहे. ती सरकारी लिलावात विकत घेतली गेली असून नव्या मालकाचा मुलगा, हरिशंकर, पावसाळी रात्री तिथे येऊन उतरतो. म्हातारा माळी त्याला जुनी हकीकत ऐकवतो. ज्याने ही वास्तू बांधली तो पुरुष रोज मध्यरात्री इथे यायचा, कामिनी नावाची त्याची प्रेयसी दिवसभर त्याची वाट पाहायची. एका वादळी रात्री तो पाण्यात बुडाला, आपण परत येऊ असे वचन देऊन गेला आणि काही दिवसांत तीही गेली. त्यानंतर हरिशंकर दिवाणखान्यातली तसबीर पाहतो, आणि त्या मेलेल्या पुरुषाचा चेहरा हुबेहूब त्याचा स्वतःचा निघतो. त्याच रात्री गाण्याचा आवाज येतो, त्या आवाजाच्या मागे जाताना झोपाळ्यावर बसलेली एक स्त्री दिसते, आणि तिथून पुढे या माणसाचे आयुष्य त्याच्या हातात राहत नाही.

आपल्याकडे भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नाही. मुंजा, हडळ, ब्रह्मसमंध, वेताळ ही मंडळी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली नाहीत असा मराठी माणूस, निदान माझ्या वयाचा, सापडणे कठीण. या सर्वांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे मरणाऱ्याची काही तरी वासना मागे राहिलेली आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घरातील वडीलधारे हात जोडून ‘तुझे जे राहिले असेल ते आम्ही करू’ असे म्हणतात, ते याच समजुतीने. ‘महल’ पाहताना मला जे जाणवते ते हे, की इथे ही व्यवस्था उलटी केलेली आहे. इथे वासना अडकली आहे ती जिवंत माणसांची. हरिशंकरला भूत हवे आहे. त्याला घाबरून पळून जावेसे वाटत नाही. उलट मित्राने ओढून नेले, वडिलांनी लग्न लावून दिले, तरी तो त्याच वास्तूकडे खेचला जातो. आणि भूत झालेली ती मुलगी, म्हणजे माळ्याचीच मुलगी आशा, तीही काही कोणाला लुबाडण्यासाठी हे सोंग घेत नाही. ती ज्या महालाच्या छायेत वाढली त्या महालाची गोष्ट तिला इतकी भिनलेली आहे, की तिला त्या गोष्टीत राहायला जायचे आहे. ज्याची कोणी वाट पाहत होते तो आणि जिला वाट पाहणारी व्हायचे होते ती, अशी ही दोघे एकमेकांना सापडतात. अशा दोघांना बाधा उतरवणारा मांत्रिक काय करणार?

म्हणून न्यायालयात जेव्हा सर्व उलगडा होतो, कामिनी म्हणजे आशाच होती हे सिद्ध होते, तेव्हा प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटत नाही. पुढे जे घडते ते तर अधिकच अस्वस्थ करणारे आहे. फाशीची शिक्षा झालेला हरिशंकर आपला मित्र श्रीनाथ याला आशाशी लग्न करायला लावतो; नंतर त्याचे निर्दोषत्व सिद्ध होऊन तो सुटतो, परत येतो, तोवर ते लग्न होऊन गेलेले असते, आणि तो तिथेच प्राण सोडतो. म्हणजे माळ्याने सांगितलेली दंतकथा, जिच्यातली नायिका खोटी निघाली, ती शेवटी जशीच्या तशी खरी होते. भेट होत होत राहून जाते, वचन दिले जाते, आणि एक जण मरतो. भुताला खोटे ठरवून त्याची गोष्ट मात्र खरी करून दाखवण्याची ही करामत कमाल अमरोही यांनी दिग्दर्शक म्हणून आपल्या पहिल्याच चित्रपटात केली. शिवाय त्या तसबिरीतला चेहरा हरिशंकरसारखा का, याचा हिशेब चित्रपट शेवटपर्यंत देत नाही. काही जण याला पटकथेतली फट म्हणतात. मी ती फट बुजवायला कधीच जाणार नाही, कारण तेवढ्या एका फटीतून चित्रपटातला सगळा गारवा आत येतो.

तुलनेसाठी ‘मधुमती’चे उदाहरण घेता येईल. बिमल रॉय यांचा १९५८ सालचा हा चित्रपट अतिशय देखणा आहे, त्यात भूत खरोखरच येते, पुनर्जन्मही खरा निघतो, आणि शेवटी प्रेमिकांची भेट घडवून प्रेक्षकाला समाधानाने घरी पाठवले जाते. मला तो आवडतो. परंतु तो पाहून कोणी भ्यायलेले माझ्या पाहण्यात नाही. ज्या चित्रपटात भूत खरे आहे तो धीर देतो, आणि ज्यात ते खोटे आहे तो झोप उडवतो. तेव्हा भूत खरे की खोटे, या एकाच कसोटीवर भयपटाची वर्गवारी करणे कितपत योग्य आहे, याचा लेखकाने पुन्हा विचार करावा.

आता त्या गाण्याविषयी. ‘आएगा आनेवाला’ चित्रपटापासून वेगळे काढून ऐकण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की ते एका भयपटातले मुख्य साधन आहे हेच आपण विसरलो आहोत. आपल्या इंदूरला तर हे विसरणे शोभत नाही. लताबाईंचा जन्म याच शहरातला, २८ सप्टेंबर १९२९ चा. शीख मोहल्ल्यातले ते ठिकाण आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ‘महल’चे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्या जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होत्या. गाणे लांबून येत आहे आणि हळूहळू जवळ सरकते आहे असा आभास हवा होता, आणि त्या काळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. तेव्हा ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागी ठेवण्यात आला, लताबाई एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात गात त्याच्या दिशेने चालत आल्या. ही हकीकत त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितलेली आहे. आज संगणकावर एक कळ दाबून जे साधते, ते इथे एका तरुण गायिकेच्या पावलांनी साधलेले आहे, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तो फरक कळतो असे माझे ठाम मत आहे. त्या आवाजात खोलीतली हवा आहे.

संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी सुरुवातीच्या ओळी तालाशिवाय, जवळजवळ अधांतरी ठेवल्या आहेत. ताल येतो तो ध्रुवपदाबरोबर. तोपर्यंत श्रोत्याला पाय टेकवायला जमीनच मिळत नाही, आणि पडद्यावर अशोककुमारही तसाच पायऱ्या-दालने चाचपडत फिरत असतो. भयपटातला नायक साधारणतः किंकाळी फोडतो किंवा हत्यार उचलतो. अशोककुमार इथे केवळ ऐकतो. पडद्यावर ऐकण्याचा अभिनय याहून चांगला केलेला मला ठाऊक नाही. चेहऱ्यावर भीती नाही, आश्चर्यही फारसे नाही. आहे ती ओळख पटत चालल्याची एक मंद खूण. खांडव्याच्या वकिलाच्या घरात वाढलेला हा नट तसा आपल्याच शेजारचा, पण हे मी शेजारधर्माने म्हणत नाही.

याच अनुषंगाने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चित्रपटाच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले गेले ते ‘कामिनी’ असे, म्हणजे पात्राचे. त्या काळची ती रीतच होती. नभोवाणीवर गाणे लागू लागले तेव्हा श्रोत्यांनी हा आवाज कोणाचा म्हणून विचारणा केली, आणि मग लता मंगेशकर हे नाव सांगितले जाऊ लागले. जरा विचार केला तर ही केवढी विलक्षण योजना आहे! चित्रपटातली कामिनी अस्तित्वातच नाही, तिचे सोंग आशाने घेतले आहे, आशा म्हणजे मधुबाला, आणि मधुबालाच्या ओठांवर आवाज आणखी एका मुलीचा, जिचे नाव कोणालाच माहीत नाही. पहिल्या प्रेक्षकांनी जे गाणे ऐकले ते खऱ्या अर्थाने बिनदेहाचे होते. आपल्याला ते तसे ऐकणे आता शक्य नाही, कारण तो आवाज आपण पाळण्यापासून ओळखतो. त्याच चित्रपटात राजकुमारी यांचीही गाणी आहेत आणि ती उत्तम आहेत, पण ती आधीच्या पिढीच्या, भरदार, माणसात बसून गायिलेल्या गळ्याची आहेत. या दोन आवाजांच्या मधोमध हिंदी चित्रपटसंगीताचे एक युग संपून दुसरे सुरू होताना ऐकू येते. खेमचंद प्रकाश मात्र हे युग पाहायला फार काळ राहिले नाहीत. १९५० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ‘जिद्दी’मध्ये किशोरकुमारला गायला लावणारे तेच आणि ‘महल’मध्ये लताबाईंकडून हे गाऊन घेणारेही तेच, इंदूर-खांडवा परिसराने त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे आहे, आणि तरी आपल्याकडील किती कार्यक्रमांत त्यांचे नाव निवेदक घेतात हे रसिकांनीच पाहावे.

गाण्याच्या बरोबरीने श्रेय द्यायला हवे ते छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग यांना. आपल्या लेखात त्यांचा उल्लेखही नाही. म्युनिकचा हा जर्मन माणूस १९२५ च्या ‘लाइट ऑफ एशिया’च्या चित्रीकरणासाठी प्रथम भारतात आला, पुढे हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्याने ‘अछूत कन्या’सारखे चित्रपट टिपले, महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत राहिला, आणि सुटल्यावर पुन्हा इथेच कामाला लागला. जर्मनीतल्या मूकपटांनी अंधाराचा जो उपयोग शिकवला होता तो त्याने ‘महल’मध्ये पुरेपूर केला आहे. यात उजेड नेहमी कुठून तरी आलेला दिसतो. दिव्यातून, खिडकीतून, हलणाऱ्या झुंबरातून तो येतो आणि जिथे पोहोचत नाही तिथे काळोख ठोस वस्तूसारखा उभा असतो. मधुबालेला बराच वेळ दूर ठेवले आहे. ती पाठमोरी, आडोशाला, उजेडाच्या कडेला दिसते. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. एवढा सुंदर चेहरा हाती असताना तो राखून ठेवण्याचा संयम आजचा कोणता निर्माता दाखवील? भीती निर्माण होते ती या राखून ठेवण्यातून. अलीकडच्या बऱ्याच भयपटांत शांततेनंतर एकदम मोठा आवाज करून प्रेक्षकाला दचकवतात. दचकणे शरीराचे असते आणि क्षणात विरते. पुढच्या वेळी तो आवाज कुठे येणार हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्यात राम राहत नाही. ‘महल’ दुसऱ्यांदा पाहताना रहस्य ठाऊक असते, आणि तरीही ती मुलगी झोपाळ्यावर बसलेली पाहून या वेळी तिचीच काळजी वाटू लागते, कारण ती काय करून बसली आहे हे आता आपल्याला माहीत असते.

आणखी एक कारण मला नेहमी जाणवते, जे कदाचित मध्य भारतातल्या मराठी माणसालाच चटकन जाणवावे. हा चित्रपट १९४९ चा. आदल्याच वर्षी होळकर, शिंदे आणि इतर संस्थाने मिळून मध्यभारत राज्य झाले होते, ग्वाल्हेर हिवाळी आणि इंदूर उन्हाळी राजधानी ठरली होती. देशभर शेकडो राजवाडे, गढ्या, हवेल्या यांचे धनी एकाएकी नुसते घरमालक झाले होते. लिलावात विकली गेलेली, माळ्याच्या भरवशावर उभी असलेली, झुंबरांसकट रिकामी पडलेली वास्तू पडद्यावर पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकाला ती कल्पनेतली वाटली नसणार. माझ्या आधीच्या पिढीतले लोक इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या फाटकाबाहेरून आत पाहताना आवाज खाली आणत असत. तिथे भूत आहे असे कोणी म्हणत नव्हते. मोठ्या घरातली माणसे निघून गेली की मागे जी जागा उरते तिच्याविषयीचा तो धाक होता. अमरोहींनी हा धाक ओळखला की तो आपोआप चित्रपटात उतरला, हे मी सांगू शकत नाही. तो तिथे आहे एवढे खरे.

आता संथपणाविषयी. मध्यंतरानंतरचा काही भाग लांबला आहे हे कबूल करायला हरकत नाही. नायकाला महालातून बाहेर काढल्याबरोबर चित्रपटाची पकड सैल होते, नाचगाण्याचे प्रसंग येतात, न्यायालयातले संवाद नाटकी आहेत आणि आजच्या मुलांना त्यातली उर्दू जड जाते. पण याच भागात एक व्यक्तिरेखा आहे, जिच्याकडे लेखकांचे सहसा लक्ष जात नाही, आणि आपल्याही लेखकाचे गेलेले नाही. ती म्हणजे हरिशंकरची लग्नाची बायको रंजना. नवरा तिला घेऊन माणसांपासून दूर, रानात जाऊन राहतो आणि तिच्याकडे पाहतही नाही. तिचा अपराध एवढाच, की ती जिवंत आहे आणि समोर आहे. शेवटी ती विष घेते आणि मरण्यापूर्वी नवऱ्यानेच आपल्याला मारले असा पोलिसांपुढे जबाब देते. कायद्याच्या भाषेत तो जबाब खोटा आहे. पण त्याला संपूर्ण खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि मला वाटते अमरोहींचीही रेटली नसावी. संपूर्ण चित्रपटात कोणी कोणाचा खरोखर बळी घेतला असेल तर तो या बाईचा, आणि तोही अशा भुतासाठी, जे नव्हतेच. ज्यांना हा भयपट वाटत नाही त्यांनी तो एकदा रंजनाच्या बाजूने पाहावा.

चित्रपट ‘आता केवळ एका गाण्यापुरता उरला’ असेल, तर त्याला प्रेक्षकाचा उतावीळपणा जबाबदार आहे, तसेच तो पाहण्याच्या आपल्या रीतीही. भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर, घासलेल्या प्रतीतून, बसमध्ये बसून पाहिला तर विर्शिंगचा काळोख नुसता काळा डाग दिसतो आणि लांबून येणारा आवाज लांबून येतच नाही. अंधार पाहण्यासाठी अंधारातच बसावे लागते.

म्हणून एक सूचना करतो. दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस लताबाईंच्या जन्मदिनाच्या निमित्ताने इंदुरात गाण्यांचे कार्यक्रम होतात, त्यांत ‘आएगा आनेवाला’ हमखास गायिले जाते आणि त्याला हमखास टाळ्या मिळतात. शहरातल्या मराठी संस्थांनी त्या आठवड्यातली एक संध्याकाळ संपूर्ण ‘महल’ दाखवण्यासाठी राखून ठेवावी. त्यासाठी त्याची जितकी चांगली प्रत मिळू शकेल तितकी मिळवावी, सभागृहाची ध्वनिव्यवस्था आधी तपासून घ्यावी, आणि कृपा करून चित्रपटापूर्वी भाषणे ठेवू नयेत. झालीच तर पाच मिनिटांत खेमचंद प्रकाश आणि विर्शिंग यांची ओळख करून द्यावी. महाविद्यालयातील मुलांना प्रवेश विनामूल्य असावा. आपल्या लेखाच्या लेखकांनाही आग्रहाचे निमंत्रण असावे, आणि चित्रपट संपल्यावर त्यांनी आपले मत बदलले किंवा बदलले नाही, ते दोन्ही पक्षी आपल्याच पुरवणीत सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर